फोटोत न आलेला मुका मार

"नॉर्मल," डॉक्टर म्हणाले. काळी फिल्म त्यांनी दिव्याच्या पेटीवर लावली होती. तिच्यात माझ्या मेंदूचे काप फोडलेल्या अक्रोडासारखे ओळीनं दिसत होते. डॉक्टर दक्षिणेकडचे, मराठी मुंबईत शिकलेले. "ब्लीडिंग नाय, सूज नाय, हाडाला क्रॅक नाय. सगळा नॉर्मल, बाई."

तुमच्या आजोबांनी त्यांना हात जोडले. मी खुर्चीतच रडायला लागले, आणि ते आनंदाचं रडणं नव्हतं. सगळं नॉर्मल होतं, तर मला दोन ओळी सलग का वाचता येत नव्हत्या?

रेवा, निखिल, परवा तुमच्या बाबांचा फोन आला. रेवा बर्फावर घसरली, डोकं आपटलं, स्कॅन झाला. "आई, काळजी करू नकोस, नॉर्मल आलाय. सोमवारपासून जाईल शाळेत." तो शब्द ऐकला आणि मला पुढं बोलवेना. म्हणून लिहिते आहे. निखिल, रेवाला वाचायचा त्रास होत असेल तर तू तिला वाचून दाखव. एका दमात नको, थोडं थोडं.

ती ऐंशीनंतरच्या दुष्काळाची वर्षं होती. आम्ही वाशीला राहायचो, मुंबईजवळच्या नव्हे, बार्शीकडच्या. मी हायस्कुलात दहावीला इंग्रजी शिकवायची, आजोबा दूध सोसायटीचे सेक्रेटरी होते. विहिरी आटलेल्या, सगळी गल्ली एका हापशावर. पाणी इतकं खोल गेलं होतं की हापशाचा दांडा दोघींनी मिळून दाबावा लागे. एका सकाळी मी आणि शेजारच्या खैरुनभाबी दांड्यावर होतो. पदर खोचायला मी हात काढला, भाबींचा ओला हात निसटला, आणि लोखंडी दांडा उसळून माझ्या कानशिलावर बसला.

"हाय अल्ला! बाई, लई लागलं का वो?"

रक्ताचा थेंब नाही. टेंगूळ आलं, डोळ्यांपुढं अंधारी आली. थोडं बसले, घागर घेऊन घरी आले आणि शाळेतही गेले.

दुपारी फळ्यावरची अक्षरं हलायला लागली. पुढच्या दिवसांत उजेड सोसेना. पत्र्यावर कावळा उतरला तरी डोक्यात घण बसे. डब्यांवर चिठ्ठ्या लावून ठेवणारी बाई मी, आणि चहात मीठ घालू लागले. चमचा हवा असला तरी 'चमचा' हा शब्द येईना. "ते द्या, ते... ढवळायचं," असं म्हणायची आणि स्वतःवरच चिडायची.

सोलापूरला एक्स-रे काढला. हाड शाबूत. डॉक्टरांनी सांगितलं, 'कन्कशन' आहे, म्हणजे मेंदूला बसलेला हादरा, आठवड्याभरात बरं वाटेल. वाटलं नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी माझ्याकडं न बघता आजोबांना विचारलं, "घरात काही ताणतणाव?" मी त्यांना इंग्रजीत उत्तर दिलं, तर त्यांनी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. शाळेत कुजबुज सुरू झाली की बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय.

शेवटी बार्शीवरून कुर्डुवाडी आणि तिथून मुंबई. 'कॅट स्कॅन' म्हणजे एक्स-रेनंच, पण मेंदूचे काप केल्यासारखी चित्रं काढायची. तेव्हा हे यंत्र आपल्या भागात कुणी पाहिलेलंही नव्हतं. डोकं पट्ट्यानं बांधून एका गोल कड्यात सरकवलं. हलायचं नाही. मी मनात एकच म्हणत होते: काहीतरी दिसू दे. आजार दिसावा म्हणून प्रार्थना करणारी मी काही एकटी नसेन.

दिसलं काहीच नाही. डॉक्टर पुढं हेही म्हणाले, की स्कॅन साफ पण तक्रार संपत नाही अशा पेशंटांच्या फिल्म ते अभ्यासासाठी जमवतात, काही महिन्यांनी मी परत यावं, ते दोन्ही फिल्म शेजारी ठेवून बघतील. पण 'नॉर्मल' या पहिल्या शब्दानंतर आजोबांनी काही ऐकलंच नव्हतं. ते तारऑफिसात पळाले. आम्ही वाशीला पोचेपर्यंत सोसायटीच्या दुधाचे पेढे गल्लीत वाटून झाले होते.

हेडमास्तर पेढा खात वेळापत्रकच घेऊन आले. "आता तर मुंबईच्या मशिनीनंच सांगितलं, बाई. दहावीचा वर्ग तुमची वाट बघतोय."

गेले. वर्षानुवर्षं शिकवलेला धडा, त्यातली एकच ओळ मी पुन्हा पुन्हा वाचत राहिले. आधी मुलं हसली, मग एकदम गप्प झाली. ते गप्प होणं जास्त लागलं. हेडमास्तरांनी दारातून पाहिलं. "जमत नसंल तर सांगा, दुसरी सोय बघतो."

घरी आजोबा म्हणाले, "अगं, नॉर्मल हाय न्हवं? मग मन घट्ट कर की जरा."

"मन नाही, मेंदू!" मी ओरडले, आणि त्या ओरडण्यानंच डोकं धरून खाली बसले.

काही महिन्यांनी पुन्हा मुंबई. पुन्हा तेच कडं, तोच पट्टा. डॉक्टरांनी दोन्ही फिल्म शेजारी लावल्या. "सेम. नॉर्मल." मग त्यांनी खुर्ची माझ्याकडं वळवली आणि विचारलं, आत काय वाटतं ते तुमच्या शब्दांत सांगा. मी इंग्रजीत सुरुवात केली, दोन वाक्यांत शब्द संपले. शेवटी मी मराठीत म्हणाले, "मुका मार लागलाय, डॉक्टर."

"मुका मार म्हणजे?"

त्यांना तो शब्द ठाऊक नव्हता. आजोबा मदतीला धावले. "मुका मार म्हंजे बघा, वरून काय दिसत न्हाय. जखम न्हाय, रगत न्हाय. पण आत लई लागलेलं असतं. आता बैलाला मुका मार बसला, तर दिसायला बैल चांगला असतो. तरी आमी त्याला जुंपत न्हाय, कारण..."

ते थांबले. माझ्याकडं बघितलं, मग खाली बघत राहिले.

डॉक्टर हळू बोलले, "माझ्या मशिनला रक्त दिसतं, हाड दिसतं. आतले बारीक धागे ताणले, ते नाय दिसत. पुढं कुठली मशिन येईल, तिला दिसेल. तोपर्यंत ह्यांना जुंपू नका."

दुसऱ्या दिवसापासून हापशाच्या रांगेत तुमचे आजोबा उभे राहू लागले. खैरुनभाबी म्हणायच्या, "या सेक्रेटरीसाब, पदर घ्या की डोक्यावर!" ते हसायचे आणि दांडा दाबायचे. आमच्या डोक्यावरच्या पत्र्यावर त्यांनी कडबा पसरला, आवाज कमी व्हावा म्हणून. हेडमास्तरांना तेच जाऊन भेटले. मी रजा घेतली, अंधाऱ्या खोलीत पडून राहिले, आणि फार सावकाश सुधारले. दहावी मात्र मला पुन्हा मिळाली नाही, पाचवी मिळाली. त्याचा राग अजून आहे. आजही ट्यूबलाइट फडफडली की मी उठून जाते.

धागे दाखवणारी यंत्रं आता येत आहेत, संशोधन चालू आहे, असं वाचते. त्या डॉक्टरांनी ठेवून घेतलेल्या माझ्या फिल्मचा कुणाला उपयोग झाला की नाही, मला कधीच कळलं नाही. पण त्यांनी न कळलेला शब्द विचारला, याचे उपकार मी विसरलेले नाही.

आता निखिल, एक काम कर. बाबांना विचार, मुका मार म्हणजे काय. वाशीत वाढलेत ते, त्यांना नीट सांगता येईल. सांगता सांगता ते मध्येच थांबतील. थांबले, की त्यांना सांग, रेवा सोमवारी शाळेत जाणार नाही.