कार्डाशिवाय सरगूरपर्यंत

सरगूरला निघाले ती चिक्कदेवम्माचा डोंगर बघायला. म्हैसूरहून दीड-दोन तासांचा रस्ता. कर्नाटकातल्या बायकांना सरकारी बस फुकट, त्यामुळे खर्च खाण्यापुरताच. फक्त आधार कार्ड दाखवावं लागतं. मी मुळातच भित्री. म्हैसुरातल्या बोगादीच्या घरातून निघण्याआधी ते पुन्हा पुन्हा तपासलं.

सकाळची बस धरा, खिडकी मिळते. स्टँडबाहेरची इडली चुकवू नका. शहर सुटलं की केळी, कापूस, मध्येच एखादं तळं. मी रमले होते, तेवढ्यात कंडक्टर माझ्या शेजारच्या बाईंपाशी अडला. (बोलणं कन्नडमधलं, इथे मराठीत लिहिते.)

"कार्ड?"

"एजंटनं ठेवून घेतलंय."

बाईंचं नाव जयम्मा. सरगूरजवळच्याच एका पाड्यावरच्या. मायलेकी कोडगूत कॉफीच्या मळ्यावर कामाला गेल्या. एजंटनं 'सांभाळतो' म्हणून दोघींची कार्डं घेतली आणि आता काम सोडू देत नव्हता. जयम्मा निसटल्या. मुलगी तिथेच अडकली. तिला सोडवा म्हणून सांगायला त्या पोलीस ठाण्यात निघाल्या होत्या.

"तिकीट काढ अम्मा, नाहीतर उतर. तपासणीत माझा पगार कापतील."

मी पर्स उघडली. जयम्मांनी माझा हात दाबला. "राहू दे पोरी. चोरी त्यानं करायची आणि दंड तू भरायचा?"

"मग काय मी भरू?" कंडक्टर वैतागला. "तू इथलीच कशावरून?"

मागून एक आजी ओरडल्या, "एजंटला दोन शिव्या देऊ दे तिला. कुठली ते लगेच कळेल!"

बस हसली, पण थांबलीही. मी उभी राहिले.

"त्या उतरणार नाहीत. तपासणीस आले तर मी बोलेन. कार्ड लुबाडलं म्हणून सरकारच्याच बसनं उतरवलं, तर यांनी जायचं कुणाकडे?"

कंडक्टरनं मला न्याहाळलं आणि शिट्टी मारली. सरगूर येईपर्यंत तो दारातच उभा होता, तपासणीसांची जीप येते का बघत.

ठाण्यात जयम्मा सांगत गेल्या, तक्रार मी लिहिली. खाली त्यांचा अंगठा. हवालदारानं विचारलं, "लिहिणाऱ्याचं नाव, पत्ता?" पेन क्षणभर अडलं. एजंट मळ्याच्या दाराला कुलूप लावत नाही. कार्ड ठेवतो. कार्डाविना सरकार आपल्या माणसाला ओळखत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. मी बोगादीचा पूर्ण पत्ता लिहिला.

डोंगर राहिलाच. परतीच्या बसनं घरी आले.

घरी अप्पा हादरले. शाळेआधी मला मराठी आणि कन्नड, दोन्ही भाषांची अक्षरं त्यांनीच गिरवायला लावली, आणि सोबत घरची शिकवणही दिली: आपण बाहेरून आलेले, कचेरीत नाव द्यायचं नाही.

"आपला पत्ता दिलास?"

"दिला. पणजोबांचे पणजोबा इथल्या राजाच्या फौजेत होते, अप्पा. अजून किती दिवस बाहेरचे?"

चौथ्या दिवशी जयम्मांचा फोन आला. पोलीस मळ्यावर जाऊन आले, मुलगी घरी परतली. कार्डं अजून एजंटकडेच. रविवारी त्या दोघी पुन्हा ठाण्यात जाणार आहेत. मीही त्यांच्या पाड्यावर जाऊन त्यांच्यासोबत बसनं जाणार.

अप्पांनी विचारलं, "बस किती वाजता?" मी सांगितलं. "मी माझं तिकीट काढीन," ते म्हणाले, "तुम्ही तिघी काढू नका."