बुर्जी नाही

बाबूराव पुजारी गेले आणि गुरुसिद्धप्पांचा ओटा ओस पडला. गुरुसिद्धप्पा, म्हणजे सगळ्यांचे आप्पा, तहसील कचेरीतल्या कारकुनीतून निवृत्त झालेले. बायको आधीच गेलेली, मुलगा सोलापूरला गिरणीत. बाबूरावांबरोबरचा सांजेचा बुद्धिबळाचा डाव एवढीच बोलाचाली उरली होती, तीही संपली.

मग शेजारच्या मास्तरांची अनसूया ओट्यापाशी येऊन उभी राहू लागली. बारा-तेरा वर्षांची पोर.

"आप्पा, हा उंट तिरकाच का हो चालतो?"

"उंटाला इचार," आप्पा म्हणाले आणि सरकून तिला जागा दिली.

बाबूराव खेळायचे त्याच जुन्या रीतीनं ती शिकली. त्या रीतीत हरणाऱ्याला एक आसरा होता. त्याच्याकडं नुसता राजा उरला की बुर्जी झाली म्हणायचं आणि डाव बरोबरीत सोडायचा. अनसूया यात लई तरबेज झाली. हरायला लागली की उरलंसुरलं प्यादं मुद्दाम मारून घ्यायची आणि टाळी वाजवायची, "बुर्जी!" ती टाळी ऐकायला मिळावी म्हणून आप्पा हातातला डावही कधीमधी लांबवायचे.

अठ्ठावन्न साली तुळजापूरच्या वाचनालयानं शाळकरी मुलांच्या स्पर्धा ठरवल्या. नियम करायचं आणि पंचाचं काम आप्पांकडं आलं. त्यांनी पुस्तक मागवून नव्या रीतीचे नियम लिहून काढले. हात लावलेलं मोहरं खेळलंच पाहिजे. बघ्यांनी चाल सुचवायची नाही. पंचानं चालू डावात चालीबद्दल तोंड उघडायचं नाही. आणि बुर्जी नाही. पोरं उद्या बाहेरगावी खेळायला गेली तर अडायला नकोत.

"मुलींचं काय करायचं?" चिटणिसांनी विचारलं.

"नियमात वय घातलंय. मुलगाच पायजे असं कुठं घातलंय?"

घरच्या ओट्यावर मात्र जुनीच रीत चालली. उद्या सांगू, परवा सांगू म्हणत आप्पांनी तो बदल तिथं आणलाच नाही. तो आणला की बाबूरावांचं उरलंसुरलंही जाईल, असं त्यांना वाटायचं.

स्पर्धेच्या सकाळी त्यांनी नियम मोठ्यानं वाचले. सतरंजीवर पोरांची चुळबुळ चाललेली. अनसूया खिडकीबाहेर बघत होती.

शेवटच्या डावात ती वकिलांच्या मुलासमोर बसली. त्याच्याकडं राजा आणि हत्ती. हिच्याकडं राजा आणि वजीर व्हायला आलेलं एक प्यादं. राजा प्याद्याला खेटून होता. तसंच रेटलं असतं तर त्या प्याद्यापायी त्याला हत्ती गमवावा लागला असता आणि डाव बरोबरीत सुटला असता. पण तिनं राजा बाजूला घेतला. पोरीच्या मनातलं आप्पांना लख्ख दिसलं. पटाशेजारी ते ओठ मिटून उभे राहिले. हत्तीनं प्यादं मारलं.

अनसूयेनं टाळी वाजवली. "बुर्जी!"

पोरं फिदीफिदी हसली.

"बुर्जी नाही," आप्पा म्हणाले. "डाव चालू ठेवा."

ती त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. मग मान खाली घालून मात होईपर्यंत खेळली.

त्यानंतर ती ओट्यावर आली नाही. एकदा आडावर गाठ पडली.

"आप्पा, मी चुकतेय हे तुमाला दिसत होतं?"

"व्हय."

"मग बोलला का न्हाय?"

"पंचानं बोलायचं नसतं, पोरी."

"तिथं नसंल," कळशी उचलत ती म्हणाली, "घरी तर बोलायचं होतं."

उन्हाळ्यात मास्तरांची वाशीला बदली झाली. सामानाची गाडी हलली तेव्हा अनसूया आईआड बसली होती. आप्पांनी हात वर केला. तिनं पाहिलं की नाही, कळलं नाही.

पुढच्या वर्षापासून स्पर्धेआधी आप्पा सगळ्या पोरांना ओट्यावर बोलवायचे आणि एकेक नियम पटावर मांडून, त्यांच्याकडून खेळवून घ्यायचे. त्या दिवसांत ओटा पोरांनी भरून जायचा. स्पर्धा आटोपली की पोरं विटीदांडूकडं पळायची. रस्त्यात भेटली तर अदबीनं नमस्कार करायची.

"ये रं, एक डाव टाकू," आप्पा एखाद्याला म्हणायचे.

"तुमच्यासंगं? नको आप्पा, तुमी पंच."

मग ते थोडा वेळ रस्त्याकडं बघत बसायचे. अंधारून आलं की पटावरची मोहरी पिशवीत भरायची, पट भिंतीला उभा करायचा आणि एकट्यापुरता भात शिजवायला आत जायचं.