लाभाचा वेढा

माझ्या दुकानाच्या भिंतीवर एक प्रमाणपत्र टांगलेलं आहे. मोटर वाइंडिंगचा मास्टर कारागीर, असं त्यावर तमिळमध्ये आणि इंग्रजीत लिहिलंय, खाली सरकारचा शिक्का आहे. तिसरीत शाळा सोडलेल्या माणसाला ते सत्तरी ओलांडल्यावर मिळालं. गिऱ्हाइकं विचारतात, उभा जन्म हेच काम केलं, आता या कागदावाचून काय अडलं होतं? मी सांगतो, एका पोरीसाठी घेतला. पुढचं सांगायला दुकानात वेळ नसतो, म्हणून इथं लिहितो. बाळबोध अक्षरं आईनं रांगोळीच्या पिठात माझं बोट धरून गिरवून घेतली होती, तेवढ्यावर निभावतोय. चुका दिसतील त्या दिसू देत.

आमचं मराठी घर तंजावूरचंच, कित्येक पिढ्यांचं. नातेवाईक शिकून कचेऱ्यांत आणि कॉलेजांत गेले. मी वडिलांच्या दुकानात बसलो आणि त्याची मला कधी लाज वाटली नाही. तिरुवैयारुपर्यंतच्या भातखाचरांतले पंप जळले की मोपेडवर बांधून माझ्याकडे येतात. जळालेली तार काढायची, नवी तार लाकडी साच्यावर गुंडाळून कॉइल करायची, ती मोटरच्या खाचांत बसवायची, वार्निश पाजायचं. साठ वेढ्यांची कॉइल म्हणजे साठच वेढे. मी यंत्रावरचा आकडा बघत नाही, तोंडानं मोजतो. तेही मराठीत. वडील तसंच मोजायचे. आणि पहिल्या वेढ्याला ते एक म्हणत नसत, लाभ म्हणत. पूर्वी धान्य मापताना पहिल्या मापाला लाभ म्हणायचे, तीच रीत. लाभ, दोन, तीन, असं साठपर्यंत.

तर एके सकाळी सरकारी रोजगार कचेरीतला एक तरुण अधिकारी दुकानात आला. त्यानं योजना समजावून सांगितली. ज्यांच्या घरी हातावर पोट आहे, शिक्षण अर्धवट सुटलंय, अशा मुलामुलींना कारागिराकडे सहा महिने शिकायला ठेवायचं. सरकार त्यांच्या बँकेत महिन्याला भत्ता घालणार. शेवटी परीक्षा, आणि त्याच दिवशी तिथं कारखान्यांची माणसं हजर, पास झालेल्यांना नोकरी द्यायला. मी म्हटलं, पाठवा. दुसऱ्या दिवशी आली ती मुलगी. कालव्याच्या बांधाला लागून वस्ती आहे, तिथली. वडील नाहीत, आई भातलावणीच्या मजुरीला जाते. बारावीनंतर पोरगी घरी बसलेली.

मी सरळ सांगितलं की हे मुलींचं काम नाही, स्टेटर, म्हणजे मोटरचा लोखंडी सांगाडा, उचलताना कंबर मोडेल. कोपऱ्यात एक जळका स्टेटर पडला होता, तो तिनं ओढत उजेडात नेला आणि छिन्नीनं खाचा साफ करायला बसली. दुपारपर्यंत चोवीस खाचा अशा चकचकीत की माझ्या पोटच्या पोरानं कधी केल्या नाहीत. माझा पोरगा चेन्नईत संगणकासमोर बसतो, ते असो. मी तिला उद्या ये म्हटलं.

हळूहळू कळलं की तिच्या मामानं मुदत घातली आहे. सहा महिन्यांत नोकरी लागली नाही तर तो तिला लांबच्या सूतगिरणीत कामाला लावून तिथल्या वसतिगृहात नेऊन सोडणार, तीन वर्षांच्या करारावर. तिला ते नको होतं. ती मला ताता म्हणायची, आजोबाला तमिळमध्ये म्हणतात तसं, आणि मी शिव्या घातल्या तरी ताताच म्हणायची.

शिकवण्याची माझी पद्धत एकच. बघ आणि कर. मी मोजायचो ते तिनं ऐकलं, तिलाही तसंच मोजायचं होतं. मराठीचा तिला गंध नाही. मग ती आत स्वयंपाकघरात जाऊन माझ्या बायकोकडून आकडे शिकली, पुठ्ठ्यावर तमिळ अक्षरांत लिहून घेतले आणि पंधरा दिवसांत पाठ केले. साचा फिरवताना तिचे ओठ हलायचे, आवाज नसायचा. असला तरी मला काय ऐकू येणार, मोटरींनी माझे कान कधीच नेलेत. तिच्या मोटरी गार चालायच्या. गिऱ्हाईक खूश. मीही मनातून खूश, पण तोंडानं बोललो नाही.

एकच खुपत होतं. तार पुरेना. एका रिळात किती मोटरी होतात हे मला झोपेतही सांगता येतं. ती आल्यापासून शेवटच्या मोटरीला तार तोकडी पडू लागली. तांब्याची तार, आणि पोरगी गरीब वस्तीतली. मी विचारलं नाही, टोमणा मारला. म्हटलं, हल्ली तारेला पाय फुटलेत वाटतं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं पिशवी आणणं बंद केलं. जेवणाचा डबा हातात, मोबाइल हातात. संध्याकाळी निघताना डबा माझ्यासमोर उघडायची, बंद करायची आणि जायची. मला समजत होतं. तरी मी मान वळवून घ्यायचो.

परीक्षा जवळ आली तेव्हा तो अधिकारी पुन्हा आला आणि म्हणाला की शिकवणाऱ्याकडेही प्रमाणपत्र लागतं. नसेल तर तिचे सहा महिने धरले जाणार नाहीत. माझ्यासारख्यांसाठी सोय होती, त्याच दिवशी मीही परीक्षेला बसायचं. मला संताप आला. ज्या मोटरी मी जिवंत केल्या त्यांच्यापेक्षा याचं वय कमी, आणि हा माझी परीक्षा घेणार. मी नाही म्हणून सांगितलं. मुलगी खाली मान घालून खाचा साफ करत राहिली.

जेवताना बायको म्हणाली, "अहो, नापास व्हायची भीती वाटते का?"

चाळीस वर्षांहून जास्त संसार केला, कुठं डिवचायचं ते तिला ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन मी नाव घातलं.

गावाबाहेरच्या सरकारी प्रशिक्षण केंद्रात परीक्षा होती. प्रश्न मला वाचून दाखवले, मी तोंडी उत्तरं दिली. दोन प्रश्नच चुकीचे होते, तेही सांगितलं. परीक्षक मध्यमवयीन बाई होत्या, शांत. त्या हसल्या आणि काहीतरी लिहून घेतलं. मग हातकाम. प्रत्येकानं साठ वेढ्यांच्या सहा कॉइली करायच्या. माझं झालं, शेजारच्या टेबलावर तिचंही झालं. बाईंनी माझी एक कॉइल उलगडून वेढे मोजले. साठ. तिची उलगडली. एकसष्ट. दुसरी उलगडली, एकसष्ट. तिसरीही.

सहाही सारख्याच असणार, म्हणजे मोटर चालली असती. पण कागदावर साठ लिहिलेलं. बाईंनी पेन उचललं. मागं भिंतीशी कोइमतूरच्या पंप कारखान्याचा माणूस बसला होता, त्यानं यादीतून नजर वर केली.

माझ्या डोक्यात एकदम तार आली. प्रत्येक कॉइलला एक वेढा जास्त, मोटरीत इतक्या कॉइली, रिळात इतक्या मोटरी. पाय फुटलेली तार तिथं गेली होती. सगळी माझ्याच गिऱ्हाइकांच्या पंपांत. मी तिच्याजवळ गेलो आणि मोठ्यानं मोजून दाखव म्हटलं. ती मोजू लागली, "लाभ, एक, दोन..."

मी विचारलं, लाभ काय आहे? ती म्हणाली, देवाचा वेढा. तुम्ही आधी देवाचं नाव घेता ना, ताता.

तिची काय चूक? तिच्या जन्मात धान्य काट्यावर चढतं, माप तिनं पाहिलंच नाही. स्वयंपाकघरात बायकोनं एकपासून शिकवलं, दुकानात मी लाभपासून मोजलं, आणि या दोन्हींमधला सांधा मी तिला कधी सांगितला नाही. मला वाटायचं, हे काय सांगायचं, हे कोणाला ठाऊक नसतं?

मी कोणासमोर चूक कबूल करणारा माणूस नाही. भावाशी एका शब्दावरून अकरा वर्षं बोललो नव्हतो. पण त्या दिवशी परीक्षक बाईंसमोर, कारखान्याच्या माणसासमोर, तीस-चाळीस पोरांसमोर मी मोठ्यानं बोललो. "चूक हिची नाही. मी शिकवताना चुकलो. कापायचे ते गुण माझे कापा."

बाईंनी लाभ म्हणजे काय ते विचारून घेतलं. मग मुलीला म्हणाल्या, वेळ आहे अजून, तीन कॉइली पुन्हा कर. मी तिला एवढंच सांगितलं की लाभ हाच एक. तिनं साचा धरला. लाभ, दोन, तीन. हात एकदाही थांबला नाही. बाईंनी या वेळी तीनच्या तीन उलगडून मोजल्या. साठ, साठ, साठ. तिथल्या तिथं कारखान्याच्या माणसानं तिचं नाव लिहून घेतलं. माझे गुण कापले की नाही ते मी विचारलं नाही. पास झालो एवढं खरं.

परतताना टाउन बसमध्ये ती पुढच्या बाकावर, मी मागं. मी पुढं वाकून म्हटलं, "तारेबद्दल बोललो ते चुकलं माझं, पोरी."

ती मागं वळून माझ्या कानाशी म्हणाली, "मग उद्यापासून पिशवी आणू का, ताता?"

बसमधली माणसं आमच्याकडं बघू लागली, एवढा मी हसलो. आणि डोळे का पुसतोय हेही त्यांना कळलं नसेल.

आता ती कोइमतूरला आहे. मामा गावभर भाचीचं कौतुक सांगत फिरतो, सूतगिरणीचं नाव काढत नाही. आईनं मजुरीला जाणं कमी केलंय. मध्यंतरी पोरीनं मोबाइलवर व्हिडिओ पाठवला. कारखान्यात निळ्या कोटात उभी आहे, शेजारी दोन नवीन मुली, आणि ती त्यांना वेढे घालून दाखवतेय. कारखान्याच्या गोंगाटात शब्द ऐकू येत नाहीत, ओठ मात्र हलताना दिसतात. चेन्नईच्या माझ्या नातवंडांना मराठी कळतं, पण बोलायला सांगितलं तर इंग्रजीत उत्तर देतात. ही कालव्याकाठची तमिळ पोरगी मात्र माझ्या वडिलांची मोजणी कोइमतूरला घेऊन गेली.

मी बायकोला चष्मा आणायला लावला आणि व्हिडिओ पुन्हा लावला. या वेळी तिच्या ओठांवरून वेढे मोजले. लाभपासून सुरुवात केली. साठच भरले.