घोरपडे सरांची बदली

नंदकिशोर घोरपडे मूळचे तासगावचे, आणि खेळाडू कबड्डीचे. १९७८ साली संस्थेने त्यांना वाशीच्या शाळेत पी.टी.चे शिक्षक म्हणून धाडलं, ते 'दोन वर्षांसाठी'. संस्थेच्या भाषेत 'दोन वर्षं' हा काळ नसून धीर द्यायची पद्धत असते, हे त्यांना पाचव्या वर्षी कळलं. पत्नी सुचित्राबाई तासगावात कन्याशाळेत कायम नोकरीला. दिवाळी आणि मे महिना एवढाच दोघांचा संसार. मुलगी वैशाली वडिलांना पाहिलं की आधी आईच्या मागे लपायची. ओळख पटेपर्यंत सुट्टी संपायची.

शाळेचे मुख्याध्यापक दिनानाथ वैद्य स्वप्नं पाहणारे गृहस्थ होते. ती पुरी करण्याचं काम ते इतरांना वाटून देत. सरांना पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "कबड्डी गावात खेळतात, घोरपडे. हे नवं शहर आहे. इथे फुटबॉल." नव्या शहरात तेव्हा थोड्या इमारती होत्या, बाकी चिखल होता. सरांनी त्याआधी फुटबॉलला हात लावलेला नव्हता. पाय तर नाहीच.

सुरुवातीला सेक्टरमधल्या फ्लॅटची मुलं आली. कॅनव्हासचे पांढरे बूट, मोजे, गळ्यात वॉटरबॅग. नववी लागली तसे एकेकाचे वडील ऑफिसातून परतताना शाळेत डोकावू लागले. "सर, गुडघा मोडला तर दहावीचं काय?" गुडघ्याचा आणि दहावीचा संबंध सरांना सांगता आला नाही. मुलं क्लासला गेली. उरली ती बोनकोडे गावची. त्यांच्या बापांची शेती याच शहरासाठी गेली होती, त्यामुळे पायांना तसंही काम उरलं नव्हतं. खाडीकाठच्या खाजणाच्या चिखलात पळून तयार झालेले ते पाय सुक्या मैदानावर नुसते उडत.

सरांनी त्यांना फुटबॉल शिकवला तो कबड्डीचाच. "माणसाचा पाय खोटं बोलतो रे, कंबर बोलत नाही. कंबर बघा," एवढंच त्यांचं शास्त्र. ते मुंबईच्या कोणत्याही पुस्तकात नव्हतं, म्हणूनच की काय, चाललं. तिसऱ्या वर्षी संघ जिल्ह्याच्या उपांत्य फेरीत गेला. सर आनंदाने वैद्यांकडे बदलीचा अर्ज घेऊन गेले.

"अहो, आत्ता?" वैद्यांनी चष्मा काढला. "जिंकणाऱ्या माणसाला कोण सोडतं? संघच नसता तर उद्या सोडलं असतं तुम्हाला. आनंदाने!"

ते वाक्य सरांच्या डोक्यात जाऊन बसलं ते उठेना.

पाचव्या वर्षी दोन गोष्टी एकदम घडल्या. संस्थेच्या तासगावच्या शाळेतले पी.टी.चे शिक्षक येत्या जूनमध्ये निवृत्त होणार असं सुचित्राबाईंनी कळवलं. वर, "या वेळी नाही जमलं तर पुढची जागा वैशालीच्या लग्नानंतरच," असंही. वैशाली तेव्हा सहा वर्षांची होती. आणि इकडे संघ चक्क फायनलला पोचला. पावसाळ्यात मैदानाचं तळं झाल्यामुळे फायनल दिवाळीनंतर ढकलली गेली होती. क्रीडा अधिकाऱ्यांनी विचारलं, "सामना तुमच्याच मैदानावर आहे, तारीख तुम्हीच सुचवा."

त्याच आठवड्यात बोनकोड्याचे देवजी सरांच्या खोलीवर पत्रिका ठेवून गेले होते. कप्तान पोपट हा देवजींचा मुलगा. त्याच्या बहिणीची, पुतळाची, हळद. संघातली झाडून सगळी मुलं एका भावकीतली, कुणी पोपटचा चुलतभाऊ, कुणी मामेभाऊ. हळदीच्या दिवशी मांडव सोडून त्यातलं एकही पोर हलणार नाही, हे सरांना पाच वर्षांत पक्कं ठाऊक झालं होतं. संघ आला नाही की सामना प्रतिस्पर्ध्यांना बहाल. शाळेची नाचक्की. वैद्य चिडतील, फुटबॉल गुंडाळतील, आणि मास्तरांना आनंदाने सोडतील.

सरांनी हळदीची तारीख सुचवली. त्या रात्री जेवण गेलं नाही, पण झोप मात्र लागली, याचं त्यांना स्वतःलाच वाईट वाटलं.

सामन्याच्या दिवशी दुपारी सर मैदानाच्या कडेला एकटेच उभे होते. ठाण्याचा संघ बूट बांधत होता. तेवढ्यात धूळ उडवत एक टेम्पो आला. मागून दुसरा. पहिल्यातून संघ उतरला, दुसऱ्यातून बोनकोडे. बायका नऊवारीत, म्हातारे टोप्या घालून, एक ढोलवाला.

"पोपट, अरे हळद?" सरांचा आवाज चिरकला.

"तुमी तारीक दिली म्हंजे ईचार करूनच दिली असनार ना, सर!" पोपट हसला. "बाबा बोलला, सरांचा शबूद हाय. हलद मॅच झाल्यावं लावू."

मागून देवजींची बहीण मुक्ताबाई ओरडल्या, "नवरी वाट बगतंय हां सर! लवकर जितवा, जेवान थंड व्हतंय!"

आता उपाय एकच उरला होता: गप्प राहणं. सर गप्प राहिले. संघ बावचळला, सर ओरडत नाहीत म्हणजे काय करायचं हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. मध्यंतराला ठाणे एका गोलने पुढे होतं. सरांना तासगावचं मैदान दिसू लागलं, कडेची लिंबाची झाडं, दुपारी जेवायला घरी जाणं.

पोपट धापा टाकत आला. "सर, काय करू? सांगा ना."

"खेळा," सर म्हणाले.

"कसं?"

पोरगं तोंडाकडे बघत राहिलं. बाकीचेही. कुणाला शंका नव्हती, घाई नव्हती. सर सांगतील याची ते नुसती वाट बघत होते. आणि सरांच्या तोंडून निघून गेलं, "तो त्यांचा डावा बॅक आहे ना, त्याची कंबर आधीच आत वळते. चेंडू त्याच्या बाहेरून काढ. दर वेळी बाहेरून."

बोलून झाल्यावर त्यांनी ओठ मिटले. उशीर झाला होता.

पोपट बाहेरून गेला. पुन्हा गेला. दोन गोल झाले, आणि शिट्टी वाजली तेव्हा ढोलाच्या आवाजात ती फक्त पंचांनाच ऐकू आली.

ढाल हातात येताच वैद्यांनी माइक घेतला. आपण पाहिलेल्या स्वप्नाबद्दल ते बरंच बोलले. शेवटी खाली उभ्या देवजींकडे पाहून म्हणाले, "घोरपडे सर दरवर्षी बदली मागतात बरं का! जाऊ द्यायचं का?"

"नाय!" सगळं गाव एका आवाजात.

"मग शब्द देतो. मी आहे तोवर ते इथेच."

देवजींचे डोळे भरून आले. त्यांनी सरांना मिठी मारली. "सर, बदली? आमाला सोरून? तुमी बोलला का नाय, काय कमी हाय ते? फुकट खोली देतो, भारा नको. वैनींना आना, पोरीला आना."

"तिची नोकरी कायम आहे तिकडं," सर म्हणाले.

"मंग सोरून द्या नोकरी!" देवजींनी मिनिटात निकाल लावला.

सर हसले. नाही म्हणायला जागाच नव्हती. पोरांनी त्यांना उचलून टेम्पोत चढवलं, दोन्ही बाजूंनी खांदे लागले, फळी वर करून कडी घातली. "सर, आज तुमालाच पयली हलद लावायची," मुक्ताबाईंनी जाहीर केलं.

टेम्पो वळला तेव्हा सरांना फाट्यावर ठाण्याचे मास्तर दिसले. हरलेला माणूस बसची वाट बघत उभा होता. तो मात्र घरी जेवायला पोचणार होता.