त्याचे फासे मी वाचायचो

आमच्या खेळातला एक नियम कुठल्याच पुस्तकात नव्हता. फासे टाकणाऱ्याने स्वतःचे फासे वाचायचे नाहीत. समोरच्याने वाचायचे, मोठ्याने सांगायचे, टाकणाऱ्याने तेच परत म्हणायचे आणि मगच टेबलावरची पलटण हलवायची. हा नियम आम्ही क्रेनवरून घरी आणला होता. माझा मित्र भिलाईच्या कारखान्यात क्रेन चालवायचा आणि मी त्याच्या खाली जमिनीवर उभा असायचो. वरच्या केबिनमधून धुरात त्याला धड काही दिसत नसे. मी वॉकीटॉकीवर म्हणायचो, "दोन फूट डावीकडे." तो म्हणायचा, "दोन फूट डावीकडे." मग हुकाला लटकलेलं ते अवजड धूड लोकांच्या डोक्यावरून सरकायचं. एकोणीस वर्षं हे चाललं, आणि तू नीट बघितलंस ना, असं त्याने मला एकदाही विचारलं नाही.

खेळाचं खूळ त्याचंच. पावर हाउस बाजारातल्या रद्दीवाल्याकडे त्याला एक इंग्रजी पुस्तक मिळालं. पाचशे वर्षांपूर्वीच्या इटलीतल्या लढाया टेबलावर कशा खेळायच्या, याचं. त्या काळी स्विस लोक लांबलचक भाले घेऊन चौकोनी ठोकळा करून चालायचे, आणि समोर बंदुका नव्यानेच आल्या होत्या. भाले जायचे आणि बंदुका यायच्या, असा तो काळ. इंचभर उंचीचे शिपाई परदेशातून मागवणं आम्हाला झेपणारं नव्हतं. मग कबाड्याकडून जुन्या बॅटरीचं शिसं आणलं, रबराचे साचे केले आणि माझ्या क्वार्टरच्या मागच्या अंगणात स्टोव्हवर ओतकाम सुरू झालं. भाले खराट्याच्या काड्यांचे. निशाणं लग्नपत्रिकांच्या कागदाची. माझ्या बायकोची नेलपॉलिशची बाटली जर्मन भाडोत्री शिपायांच्या लाल-पिवळ्या विजारी रंगवण्यात संपली तेव्हा ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही.

आमच्या दोघांच्याही घरची माणसं भंडाऱ्याकडची, धानाची शेती सोडून कारखान्यात आलेली. परक्या देशाच्या पलटणी बघून नातेवाईक हैराण व्हायचे. एकदा त्याच्या साळ्याने विचारलं, "जवाई, मावळे कावून नाही बनवले तुमी?"

तो म्हणाला, "मावळ्यायवर फासे टाकाचे म्हणजे ते हरू बी शकते. मग तू मले घरात राहू देशीन का?"

तसा तो चेष्टेखोर होता आणि फाशांच्या बाबतीत कमालीचा कमनशिबी होता. चार किंवा त्याच्यावर पडलं तरच घाव लागायचा, आणि त्याचे चारांतले तीन फासे वाया जायचे. डाव आखायचा फार सुंदर. माझ्या बंदुकवाल्यांना ओढ्यापाशी अडकवायचा, घोडदळ मागून आणायचा, आणि ऐन हल्ल्याच्या वेळी एक आणि दोन पडायचे. मी वाचायचो, "एक लागला." तो म्हणायचा, "एक." त्याचा ठोकळा मोडायचा. तो हसून स्वतःच्या हाताने शिपाई उचलून डब्यात ठेवायचा. दर रविवारी दुपारी हे चालायचं. मागच्या व्हरांड्यात दोन ड्रमांवर जुनं दार आडवं टाकलं होतं, त्यावर हिरवी चादर पसरली की ते आमचं रणांगण. डाव अर्धवट राहिला तर वरून दुसरी चादर झाकून पुढच्या रविवारपर्यंत तसाच ठेवायचा.

आम्ही दोघे रिटायर झालो आणि दोन वर्षांत साखरेने त्याचे डोळे खाल्ले. आधी एक गेला, मग दुसरा. मला वाटलं खेळ संपला. पण पुढच्याच रविवारी तो ऑटोने आला, टेबलाच्या कडेला हात लावून उभा राहिला आणि म्हणाला, "मांड." मी पलटणी मांडल्या. त्याने बोटांनी सगळं टेबल एकदा चाचपलं, हलक्या हाताने, एकही भाला वाकू न देता. नंतर सगळा डाव त्याच्या डोक्यात चालायचा. "उजवीकडचा ठोकळा चार इंच पुढे," तो म्हणायचा. मी फूटपट्टी लावून सरकवायचो. आता त्याचे फासेही मीच वाचायचो आणि माझेही मीच. माझे फासे त्याने वाचायचे हा अर्धा नियम आपोआपच गळून पडला. त्यावर आम्ही बोललो नाही. बोलण्यासारखं काही आहे असं तेव्हा मला वाटलंच नाही.

मग दिवाळीच्या आधी त्याच्या पोटात दुखायला लागलं. मुलगा पुण्याहून आला, रायपूरला नेऊन तपासण्या झाल्या. मी भेटायला गेलो तर त्याच्या बायकोने मला दारातच थांबवलं.

"भाऊजी, पोटात गाठ हाय. पसरून गेली म्हणते डॉक्टर. आमी त्यायले अल्सर सांगितलं हाय. तुमी बी तेच सांगजा."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो? आत गेलो तर तो खाटेवर बसून मला विचारत होता, येत्या रविवारी ओढा कुठे ठेवायचा.

त्या रविवारी त्याने चार फासे टाकले. एक, दोन, दोन, एक. नेहमीचंच. चार किंवा त्याच्यावर पडलं तरच घाव लागतो, म्हणजे एकही लागला नव्हता. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. गालफडं बसली होती, शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती. मी म्हणालो, "दोन लागले."

"दोन," तो म्हणाला. आणि मी माझे दोन शिपाई उचलून बाजूला ठेवले.

इतकं सोपं होतं ते. मला वाईट वाटलं नाही, हे कबूल करतो. उलट बरं वाटलं. कारखान्यात इतकी वर्षं काढून मला कुणासाठी काही करता आलं असेल तर हे, असं वाटलं. तो जिंकला. पुढच्या रविवारीही जिंकला. आयुष्यभर ज्याचे फासे फिरले नाहीत तो आता ओळीने जिंकू लागला. मी थोडं तारतम्य ठेवायचो, मध्येच एखादा फासा खराही सांगायचो. जिंकल्यावर तो पूर्वीसारखा ओरडायचा नाही. एकदा म्हणाला, "माही पनौती कुठं गेली रे?" मी म्हणालो, म्हातारपणी कंटाळून गेली असेल. तो हसला. ते हसणं मला नीट ऐकू आलं असतं तर बरं झालं असतं.

संक्रांतीनंतरचा एक रविवार. आदल्या आठवड्याचा डाव चादरीखाली तसाच होता. त्याचा एकच ठोकळा उरला होता, माझ्या बंदुकवाल्यांच्या अगदी तोंडाशी. तो ऑटोतून उतरला तेव्हा त्याच्या हातात कापडी पिशवी होती. मला वाटलं बायकोने तिळाचे लाडू दिले असतील. चहा नको म्हणाला. बसला, पिशवी मांडीवर घेतली.

"आज एकच फेक," तो म्हणाला. "तीन लागले तर तुही रांग तुटते. नाही तर मी संपलो. बरोबर?"

"बरोबर."

त्याने चार फासे टाकले. एक, तीन, एक, दोन.

मी म्हणालो, "तीन लागले."

"तीन," तो म्हणाला.

मग त्याने टेबलावर हात पुढे केला. फासे उचलले नाहीत. एकेका फाशावर अंगठा ठेवला. आमचे फासे जुने होते, स्वस्तातले, ठिपक्यांचे खोल खळगे पडलेले. डोळे असूनही मला ते कधी जाणवलेही नव्हते.

"हा एक," तो म्हणाला. "हा तीन. हा एक. हा दोन."

अंगणात कुणीतरी नळ सोडला होता, त्याचं पाणी बादलीत पडत होतं.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"घरी सगळे खोटं बोलून राहिले, ते मले समजते," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "बायको बोलते, पोरगा बोलतो. डॉक्टर बी माह्याशी बोलत नाही, पोराशी बोलतो. मी म्हटलं, एक जागा हाय." मग त्याने विचारलं, "क्रेनवर कधी केलं असं?"

"नाही. कधीच नाही. शपथ."

"असन," तो म्हणाला. "पण आता मले कसं समजन?"

एकोणीस वर्षं ज्या माणसाने माझ्या शब्दावर हुक हलवला, तो आता मागे वळून एकेक दिवस तपासत असणार, हे मला त्याच्या तोंडावर दिसत होतं. मी सांगायला गेलो की तुझ्यासाठीच केलं. तो म्हणाला, "माहीत हाय." पिशवी मांडीवरून उचलून त्याने काखेत घट्ट धरली आणि ऑटोवाल्याला हाक मारायला सांगितलं. पायरीपर्यंत मी त्याचा हात धरला, तो त्याने धरू दिला.

त्यानंतर तो रविवारी आला नाही. मी दोनदा त्याच्या घरी गेलो. तो नीट बोलला, मुलाच्या नोकरीबद्दल, लीजच्या क्वार्टरच्या गळक्या छपराबद्दल. बायकोला म्हणाला, यायले चहा दे. भांडला असता तर मी त्याचे पाय धरले असते. पण इतक्या सभ्यपणे बोलणाऱ्या माणसाची माफी कशी मागायची, ते मला सुचलं नाही. होळीच्या आधी तो गेला.

तेरवीला मांडव होता. जेवणं आटोपल्यावर त्याच्या बायकोने मला आतल्या खोलीत बोलावलं.

"भाऊजी, एक सांगाचं होतं," ती म्हणाली. "तुमच्यावर मी पयले लय चिडली होती. तपासण्यायची फाईल मी आलमारीत साड्यायच्या खाली ठेवली होती. त्यायनं कधी चाचपून काढली, मले पत्ताच नाही. त्या रविवारी पिशवीत घालून तुमच्याकडं आले. घरी आल्यावर म्हणे, वाचून घेतलं, मले सगळं माहीत झालं. मी म्हटलं, कोणं वाचलं? तर तुमचं नाव घेतलं."

मी खाली बघत होतो.

"बरं केलं तुमी," ती म्हणाली. "आमच्यानं झालं नसतं. मंग पोरगा आला, तिघं बसून रडलो. शेवटले दोन महिने चांगले गेले भाऊजी, खोटं बोलावं नाही लागलं. ते म्हणे, माह्या दोस्तानं जसं होतं तसं वाचलं."

मी मान हलवली. फक्त मान हलवली, पण ती पुरली. तिने डोळे पुसले आणि माझ्यासाठी डब्यात बुंदी भरायला लागली.

बाहेर आलो तर नेहमीचा ऑटोवाला मांडवाच्या कडेला पत्रावळ घेऊन बसला होता. तोच त्याला आणायचा-न्यायचा. मी त्याच्या शेजारी बसलो आणि विचारलं, त्या दिवशी माझ्याकडून निघाल्यावर ते कुठे गेले होते.

"सीधा घर कहाँ गए भैया," तो म्हणाला. "बोले, पावर हाउस चल. स्टँड पे गाड़ी लगवाई, थैली से कागज निकाला. बोले, नीचे जो लिखा है, पढ़."

"तुला इंग्रजी येतं?"

"कहाँ आती है. ए-बी-सी पहचानता हूँ बस. मैं एक-एक अक्षर बोलता गया, साहब जोड़ते गए. बहुत टाइम लगा. पीछे वाले हॉर्न मार रहे थे." त्याने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "क्या लिखा था उसमें? मैंने पूछा तो बोले, हो गया, अब घर चल."

मी त्याला सांगितलं काय लिहिलं होतं. त्याचा हात पत्रावळीवरच थांबला. तो म्हणाला, "मुझे मालूम होता तो मैं नहीं पढ़ता भैया."

मीही नसतं वाचलं. फाईल माझ्या हातात दिली असती तर मी अल्सर म्हणूनच सांगितलं असतं, हे मला तिथे बसल्या बसल्या पक्कं कळलं. आणि त्याला ते फाशांवरूनच कळलं होतं. आतल्या खोलीचा दिवा चालू होता. परत जाऊन त्याच्या बायकोला सांगायला हवं होतं की मी वाचलं नाही, त्याने पिशवीतून कागद बाहेरसुद्धा काढला नाही, कारण माझ्या वाचण्यावर त्याचा भरवसा उरला नव्हता. मी बुंदीचा डबा स्कूटरच्या डिकीत ठेवला, किक मारली आणि घरी आलो.