सरांच्या वर्गातला मेंढपाळ

प्रा. शिवशंकर बिराजदार सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते तालुक्याच्या कॉलेजात, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला. टेबलाला टेकून ते एका इंग्रज जमीनदाराचा संवाद वाचत होते आणि तोऱ्यानं नाक इतकं वर गेलं होतं, की चष्मा कपाळावर चढतो की काय असं वाटावं. इंग्रजीच्या तासाला हसूही येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांतले गडी, मेंढपाळ, मोलकरणी आपल्या बोलीत क्रियापदं कशी वापरतात, हा सरांचा आयुष्यभराचा अभ्यास. 'आय नोज', 'वी वॉज' असलं काही आलं की इतर शिक्षक पान उलटत. सर तिथंच मुक्काम ठोकत. "ही चूक नव्हे. लेखकानं त्या गावाकडं कान दिलाय, तुम्हीही द्या," म्हणत. त्यांची पद्धतही न्यारी. जमीनदार ते स्वतः वाचत. गावकऱ्यांची वाक्यं मात्र जळकोट, वाशीकडच्या खेड्यांतून आलेल्या मुलांच्या वाट्याला येत. आधी इंग्रजीत वाचायचं, मग घरी बोलतो तसं सांगायचं.

मी तामलवाडीची, मेंढरं राखणाऱ्याच्या घरची. पहिल्याच आठवड्यात वर्गात तोंडून 'म्या' निघालं, मागचे बाक खदखदले आणि माझ्या तोंडाला कुलूप लागलं. दिवाळीपर्यंत मी ठरवून टाकलं, शिक्षण पुरे. दादा, म्हणजे माझे वडील, नाव काढायला आले. सर व्हरांड्यातच भेटले. "नाव काय, नंतरही काढता येईल. आधी तासाला बसा," म्हणत त्यांनी दादांना काठी-घोंगडीसकट पहिल्या बाकावर बसवलं.

त्या दिवशीच्या पानावर जमीनदार म्हाताऱ्या मेंढपाळाला दरडावत होता, कळप कुणाला विचारून डोंगरावरून खाली आणलास? सरांनी नाक वर करून दरडावून घेतलं आणि मेंढपाळाचं उत्तर मला दिलं. इंग्रजी मी कसंबसं वाचलं; पुढं शब्द फुटेना. सर दादांकडे वळले. उत्तराचा अर्थ सांगून त्यांनी विचारलं, "तुम्ही हे कसं म्हणाला असता, दादा?"

दादा उठून उभे राहिले. "वारं फिरलेलं मेंढरायला आधी कळतंय, मालक. म्या निस्ता मागनं चालतो."

कुणी हसलं नाही. "अगदी हेच लिहिलंय इथं," सर म्हणाले आणि माझ्याकडे पाहिलं, "आता तू." मी तेच वाक्य मोठ्यानं म्हटलं, 'म्या'सकट. बाहेर आल्यावर दादा एवढंच म्हणाले, "नाव राहू दे. इथं आपल्यावानी बोललेलं चालतंय."

आज मी इंग्रजी शिकवते. सरांची पद्धत उचलली, नाक मात्र जमत नाही. अडलेल्या कितीजणांना सरांनी असं हाताला धरून बसवलं, हे या गौरवग्रंथात इतरही सांगतीलच. त्यांचं स्वतःचं पुस्तक तेवढं अजून व्हायचंय. विचारलं की म्हणतात, "एक नवी बोली सापडलीय, थांबा जरा." आम्ही आनंदानं थांबू.

सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त 'निरामय दीर्घायुष्य लाभो' असं लिहून मी हा लेख दादांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "एवढं अवघड कशाला? सरायला म्हणावं, लई जगा. तुमी पुढं चला, आमी हाव मागनं."