डावऱ्याचं लांबडं बटन

घरात बिनटोपनाचे डबे आन् बिनडब्याची टोपनं कशी साचतेत, कुनाला ठावं! फेकू म्हनलं तर हात हुत न्हाई, ठिवू म्हनलं तर कशालाच बसत न्हाईत. आमच्या म्होरल्या खोलीतले किस्से बी तसेच साचलेत. आज तुमी निवांत बसलाव, तर चार टोपनं काढते. बसली कुन्या डब्याला तर बसली.

म्होरली खोली म्हंजे बीडात स्टँडच्या मागं आमचं घर हाय, त्याची रस्त्याकडची खोली. तवा गल्लीगल्लीत एसटीडीचे बूथ निघालते, घराघरावर केबलच्या वायरी लोंबायच्या. माझा ल्योक महादेव म्हनला, कॉम्प्युटरचा क्लास काढतो. चार मशिनी आनल्या. सकाळी पोरी टायपिंग शिकायच्या, दुपारी खोली रिकामी. मग त्यानं पुण्याहून एक गेम आनला, आन् दुपारच्याला बाप्ये मानसं येऊन बसाय लागली. बायकापोरं असलेली, बरं का! बारकी पोरं परवडली.

गेम आसा, की पडद्यावर नुसते दोन हात दिसतेत. मानूस दिसत न्हाई, कारन त्यो मानूस म्हंजे आपुनच. उजव्या हातात बंदूक. डावा हात कोपरापस्तोर जळून कोळसा. गडी एकदा मेलता आन् माघारी आलता, तवापासून हात तसा. आमी त्याला डावऱ्या म्हनायचो.

त्या जळक्या हातात इद्या व्हती. मेलेल्याच्या छातीवर ठिवला की मेलेला उठायचा, आन् मान लोंबकळत डावऱ्याच्या बाजूनं लढायचा. त्याच्यासाठी मशिनीवरचं समद्यात लांबडं बटन दाबायचं. दुसरी इद्या भिंतीतून धूर हून पल्याड जायाची. तिचं बटन येगळं.

*

रोजच्यात पहिला नंबर विठ्ठलचा. एसटीत कंडक्टर, केजच्या गाडीवर. सकाळची फेरी मारून आला की खाकीतच मशिनीपुढं.

गोळी लागून समोरचा पडला की हा तोंडानं दोनदा घंटी वाजवायचा, टन् टन्. आन् म्हनायचा, "चला, एक सीट झाली."

मी म्हनलं, इठ्ठला, उद्या मी गेले तर माझ्या बी पायथ्याशी असंच म्हनशील. तर म्हनला, "आक्का, तुमाला राखीव हाय."

*

एक दिस मी बी बसले. महादेवानं बटनं दाखिवली. मी चालाय गेले की डावऱ्या वर बघायचा, वर बघाय गेले की पळायचा. शेवटी वैतागून भिंतीला हात लावला, आन् धूर हून पल्याड गेले.

पल्याड एक खोली. तिला ना दार, ना खिडकी. आन् धुराची इद्या संपलेली. परत भरायला म्हनं कुनाला तरी मारावं लागतं. त्या खोलीत मी एकलीच.

अर्धा तास फिरले तिथं. विठ्ठल म्हनला, आक्का, अडकलाव की. मी म्हनलं, त्यात काय नवं? पोरगी सासरी जाती ती अशीच. आत जायाची इद्या असती, भाईर यायची नसती.

माझी सून सुरेखा चहा घिऊन आलती. ती हसली न्हाई. कप ठिवून गेली.

*

आता मेन टोपन काढते.

दुपारची माझी झोप. आन् ह्यांचा दंगा लांबड्या बटनावर. मेलेला उठला की चौघं वरडायची, "उठला, उठला!" आमच्या गल्लीत 'उठला' म्हनून वरडावं आसं काय झालंय, म्हनून शेजारीन दोनदा बघून गेली.

गेमच्या खोक्यात एक चित्राचं पुस्तक आलतं. त्या पुस्तकावरूनच गेम काढलाय म्हनं. समदं इंग्रजीत. मी चौथीपस्तोर शिकलेली, पर चित्राला कुठं इंग्रजी लागतंय? एका पानावर डावऱ्यानं मेलेल्याच्या छातीवर हात ठिवलाय. म्होरल्याच पानावर एक बाई, केस मोकळे, डोळे मिटलेले, खाटंवर सरळ निजवलेली. उशाला दिवा.

आपल्यात उशाला दिवा कुनाच्या लावतेत, सांगाय नको.

मी ते पान चौघास्नी दाखिवलं. म्हनलं, बघा बाबांनो, फुकट न्हाई ती इद्या. एक मेलेला उठिवला की उठिवनाऱ्याच्या घरातलं एक मानूस जातं. ही त्याची बायकू.

मी थट्टा करते तवा आधी मलाच हसू फुटतं, हे समद्या गल्लीला ठावं. त्या दिशी मातर फुटलं न्हाई. तो दिवा बघून माझंच तोंड बंद झालतं, खरं सांगायचं तर.

दुसऱ्या दिशीपासून म्होरली खोली देवळावानी शांत. मी चांगली चार वाजेपस्तोर झोपले.

*

आठ दिसांनी बघते तर विठ्ठल लांबडं बटन दाबतोय. एकदा न्हाई, दहा-अकरा डाव. दाबायचा आन् दाराकडं बघायचा. मग कळलं, ह्याची सासू म्हयनाभर घरी मुक्कामाला व्हती.

ही बातमी कुनी पोचिवली, मला इचारू नका.

तिसऱ्या दिशी सासूबाई सोता आल्या. नववारी, कपाळाला ठसठशीत कुंकू, दंडात इतका जोर की दार ढकललं तर मशीन हललं. विठ्ठल तोंड लपवाय टेबलाखाली. बाईंनी त्याच्याकडं बघितलं बी न्हाई. सरळ माझ्याकडं आल्या, शेजारी बसल्या, आन् हळूच म्हनल्या, "आक्का, मला बी दाखवा ते बटन."

*

आता नागनाथ. आमच्याच गल्लीत झेरॉक्सचं दुकान, पस्तिशीचा गडी, बोलनं कमी. समद्यात चांगला खेळायचा त्योच. मी ते चित्र दाखिवल्यापासून त्यानं लांबडं बटन एकदा बी दाबलं न्हाई. विठ्ठल चिडवायचा, "बे नाग्या, हात हाय तर वापर की."

त्याची बायकू संगीता तवा सातव्या म्हयन्यात व्हती. आधीची दोन पोटातच गेलती. डॉक्टरनी तिला खाटंवरून उतरू नको म्हनून सांगितलतं. घरात तिसरं कुनी न्हाई. म्हंजे जायाचं तर कोन जानार, हे इचारायचं बी काम नव्हतं.

गेमच्या शेवटाला एक मोठं अंगन हाय. तिथं चहूकडून मानसं येतेत, दोन-तीन डझन. मेलेली उठिवल्याबिगर तिथून कुनी निघालाच न्हाई. नागनाथ नुसत्या बंदुकीनं उतरायचा. रोज तिथं मरायचा. पडदा लाल व्हायचा, हा परत सुरू करायचा.

मी म्हनलं, आरं, किती डाव मरशील?

म्हनला, "मी मेलेलं चालतंय आक्का. मला परत सुरू करता येतं."

मी त्याच टायमाला सांगायला पायजे व्हतं, की ती थाप हाय. जिभंवर आलतं. पर इतकी झ्याक थाप आपल्या हातानं मोडायची, आसं जीवावर आलं.

*

एक दिस नागनाथ त्या अंगनात लई म्होरं गेला. सात-आठच राहिलते. त्यानं खेळ थांबिवला, कपाळाचा घाम पुसला, आन् म्हनला, जरा चहा घिऊन येतो.

खुर्ची रिकामी. पडद्यावर डावऱ्याचे दोन हात, म्होरं मढी पडलेली. आन् मी अशी भवानी, की रिकामी खुर्ची बघून गप बसायची न्हाई. विठ्ठलला म्हनलं, चालू कर रं. त्यानं चालू केलं. मी लांबडं बटन दाबलं.

एक उठलं. परत दाबलं. दुसरं उठलं. चार उठिवली. नागनाथ चहा घिऊन दारात आला तवा ती चार मढी माना लोंबकळत अंगनात फिरत व्हती, आन् मी तोंडात पदर कोंबून हसत व्हते.

त्याच्या हातातला कप पडला न्हाई. त्यानं तो नीट खाली ठिवला. मशीन बंद केलं. कुनी दाबलं, ते बी इचारलं न्हाई. घरी गेला.

विठ्ठल म्हनला, आक्का, ह्याला हसायचं का न्हाई?

दोन दिसांनी संगीताला रक्त जाय लागलं. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

*

मी ते चित्राचं पुस्तक घिऊन देशमाने गुरुजींकडं गेले. जन्मभर इंग्रजी शिकिवलेला मानूस. म्हनलं, ह्या पानावर काय लिव्हलंय ते वाचा.

त्यांनी चष्मा लावला. म्हनले, "झोपलीय ती. लिव्हलंय, उद्या लवकर उठायचं हाय."

म्हनलं, आन् दिवा?

"इजेचा दिवा हाय आक्का. झोपताना वाचायला लावतेत."

मी गुरुजींना पुस्तकासकट दवाखान्यात घिऊन गेले. संगीता आत. नागनाथ व्हरांड्यात भिंतीला पाठ लावून हुबा. आल्यापासून बसला न्हाई, खाल्लं न्हाई, आसं बाजूची बाई म्हनली. गुरुजींनी त्याला ते पान वाचून दाखिवलं, बोट ठिवून ठिवून. मी म्हनलं, बाबा, माझी झोपमोड हुती म्हनून थाप मारली. थापच व्हती.

त्यानं समदं ऐकलं. मग म्हनला, "आक्का, तुमी थाप मारता तवा हसता. त्या दिशी तुमी हसला न्हाई."

खरं सांगून बघितलं, गुरुजी आनून बघितलं, छापलेलं दाखिवलं. मानूस भिंतीला टेकून वाळाय लागला व्हता. मग मी ठरिवलं, की थापंनं केलंय, तर थापंनंच सोडवू. गुरुजींना भाईर घालवलं. त्याच्या म्होरं हुबी राहिले, आन् हसले न्हाई.

"नागनाथ, बटन कुनी दाबलं?"

"तुमी."

"मशीन तुझं का माझं?"

"तुमचं."

"मग ऐक. ज्याचं बोट, त्याचं घर. तुझ्या घराला ते लागू न्हाई. जायाचं ते माझ्यातलं जाईल."

त्यानं माझं तोंड नीट निरखलं. मग भिंतीवरनं घसरत खाली बसला. मी फडक्यातली भाकर काढली. ती त्यानं समदी खाल्ली.

*

संगीता वाचली. पोरगी झाली, दीड म्हयना आधी. मुठीएवढी. काचंच्या पेटीत ठिवली. पंधरा दिस हाय का न्हाई, हाय का न्हाई, आसं चाललतं. मग एक दिस दुपारच्याला नागनाथ बर्फीचा पुडा घिऊन आमच्या दारात. पेटीतनं भाईर काढली म्हनला, दूध प्याली म्हनला. समदी गल्ली गोळा झाली. विठ्ठलनं दोन घंट्या वाजिवल्या, आन् म्हनला, "एक सीट भरली."

नागनाथ आत आला न्हाई. उंबऱ्याच्या भाईरूनच माझ्या हातावर बर्फी ठिवली, आन् हळूच इचारलं, "आक्का, तुमच्या घरात समदी बरी हायेत न्हवं?"

बर्फी हातातच राहिली.

त्याच्या घरात समदी वाचली व्हती. माझ्यात मानसं तीन. मी एक, ती हितं हुबी. सुरेखा एक, ती आत कनीक मळत व्हती. परातीचा आवाज येत व्हता. आन् महादेव सकाळी केजपल्याड युसूफ वडगावला गेलता, फटफटीवर, मागं मशीन बांधून. बाराला येतो म्हनलता. घड्याळात तीन.

थापच व्हती. माझीच व्हती. मी, गुरुजी, इजेचा दिवा, समद्यास्नी ठावं व्हतं.

मी उंबऱ्यात बसले. सुरेखानं दोनदा हाक मारली, आत या म्हनून. परातीचा आवाज थांबला की मीच तिला हाक मारायची, आन् ती "काय?" म्हनली की गप बसायची. चार वाजले. रस्त्यानं फटफटी गेली की मान वर. हातातल्या बर्फीचं पार पानी झालं.

पाचाला महादेव आला. टायर फुटलतं म्हनला, गावाभाईरच्या फाट्यापसून ढकलत आलो म्हनला. तोंडावर धूळ, दात तेवढे पांढरे. "आई, आशी उंबऱ्यात काहून बसलीस?"

मी उठले. आधी एक कानफाटात दिली. मग तीच चिकट बर्फी त्याच्या तोंडात कोंबली.

त्यो गाल धरून, बर्फी चावत, म्हनला, "कुनाला काय झालं?"

"नागनाथला पोरगी," म्हनलं.